पोरगी गणितात दोन इयत्ता पुढे आहे, तिला पुढे न्यायचं कधी?

या वेळी तीन पत्रं घेतलीत. तिन्ही गणितात पुढे असलेल्या लहान मुलांबद्दलची आहेत, पण घरं तीन तऱ्हेची आहेत, म्हणून उत्तरंही सारखी नाहीत. पत्रं थोडी कमी केलीत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे, जूनमध्ये तिसरीत गेली, सेमी इंग्रजीला आहे. बालवाडीत असल्यापासून तिला आकड्यांचं वेड, रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचून बेरजा करायची. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊबाईंच्या मुलाचं पाचवीचं पुस्तक घेऊन बसली आणि अपूर्णांकांचा धडा स्वतःच सोडवून टाकला, आम्ही कुणी शिकवला नव्हता. शाळेत बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं, खिडकीबाहेर बघत बसते, शेजारच्या मुलीची गणितं करून देते. अबॅकसच्या मॅडम म्हणतात दोन लेव्हल एकदम करून टाकू. सासरे म्हणतात सरळ चौथीत बसवा. आमचे मिस्टर म्हणतात लहान आहे, खेळू दे, कशाला घाई. मला काही सुचेना झालंय. हिला पुढचं शिकवायचं का, आणि शिकवायचं तर कधी?
– एक आई, सांगली

उत्तर : अहो, तुमच्याभोवती चौघं चार गोष्टी सांगतायत, पण पोरीला नेमकं काय येतं आणि कुठे अडतं हे अजून कुणी बसून बघितलेलं दिसत नाही. सुरुवात तिथूनच करा, बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

बालभारतीची तिसरी, चौथी आणि पाचवीची गणिताची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, ती काढा. पहिल्या पानापासून नका सुरू करू. प्रत्येक धड्याच्या शेवटच्या उदाहरणसंग्रहातली दोन-तीन गणितं उचला, आणि असे अर्ध्या अर्ध्या तासाचे तीन-चार बैठकीचे पेपर करा, एका दिवसात सगळं नको, जेवायच्या आधी भुकेल्या पोटी तर मुळीच नको. तिसरीचं जवळजवळ सगळं आलं, म्हणजे दहातली नऊ गणितं बरोबर, तर तिसरीचं पुस्तक तिला परत शिकवण्यात काही अर्थ नाही. मग चौथीचं. असं करत करत जिथे दहातली पाच-सहाच यायला लागतील तिथे थांबा, तिची खरी इयत्ता ती. आणि त्यातही ज्या धड्यात ती अडली तेवढाच धडा शिकवायचा, अख्खं पुस्तक नाही.

ही काही माझी युक्ती नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली गणितात हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला, त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यायला लावली, कारण वयाच्या पेपरात या मुलांना पैकीच्या पैकी पडायचे आणि त्यातून काहीच कळायचं नाही. मग मूल जिथे अडतं तेवढंच शिकवायचं, येतं ते सोडून द्यायचं. पन्नास वर्षं झाली, आजही या विषयात काम करणारी माणसं ह्याच रस्त्याने जातात.

पण नुसतं उत्तर बरोबर आलं ह्यावर जाऊ नका. मी शनिवारी मुलांचं गणित मंडळ घेते, तिथे नवीन मूल आलं की एक प्रश्न हमखास विचारते, तीन चतुर्थांश मोठं का दोन तृतीयांश? एक मुलगा फटकन म्हणाला तीन चतुर्थांश. कसं रे? तर म्हणे तिरका गुणाकार करायचा, तीन त्रिक नऊ, चार दुणे आठ, नऊ मोठे. का करायचा तिरका गुणाकार? तर क्लासमध्ये सांगितलंय. त्याच्या शेजारची मुलगी, वयाने त्याच्याहून लहान, बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “पाऊण भाकरीत पाव भाकरी कमी आहे, आणि ह्याच्यात तिसरा भाग कमी आहे, पाव बारीक असतो ना, म्हणून पाऊण जास्त उरली.” उत्तर दोघांचं एकच, पण पुढे न्यायला तयार आहे ती मुलगी. मुलगा हुशार नाही असं मुळीच नाही हां, त्याला पुढचे नियम मिळत गेलेत आणि मागचं का ते राहून गेलंय, त्याला आधी ते का भरून द्यायला हवं, नाहीतर सातवी-आठवीत बीजगणित आलं की सगळे नियम एकमेकांत मिसळतात. तुमच्या लेकीने अपूर्णांकांचा धडा स्वतः सोडवला म्हणताय, तर तिला हाच प्रश्न विचारा आणि उत्तर यायच्या आधी मध्ये बोलू नका.

अजून एक प्रश्न. १ ते १०० आकडे लिहिताना ९ हा अंक किती वेळा लिहावा लागतो? बहुतेक मुलं दहा म्हणतात, काही अकरा म्हणतात. खरं उत्तर २० आहे, कारण नव्वद ते नव्याण्णवमध्ये दशकस्थानी अजून दहा ९ आहेत. तुम्ही उत्तर सांगू नका, फक्त म्हणा, “नाही गं, परत बघ.” आता तुम्हाला जे बघायचंय ते इथे आहे. ती तुमच्या तोंडाकडे बघून अंदाज मारायला लागते, बारा? पंधरा? का वही घेऊन नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव लिहायला बसते? रडते का, चिडून उठून जाते का, का “सांगू नको हं आई” म्हणते? जे मूल “सांगू नको” म्हणतं त्याला अवघड गणित द्यायची वेळ झालेली आहे, वय सात असो का अकरा. जे मूल चुकलं की कोसळतं त्याला पुढच्या इयत्तेचं देऊ नका असं मी नाही म्हणत, पण त्याला आधी आपल्याच इयत्तेतली अडणारी गणितं द्या, चुकायची सवय होऊ द्या. माझं या विषयातलं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, मूल किती पुढचं करतं ह्याच्यापेक्षा अडल्यावर काय करतं ह्यावरून ठरवा.

अबॅकसबद्दल विचारलंय. अबॅकस वाईट नाही, एकाग्रता येते, बेरजा-वजाबाक्या पटापट होतात, पोरीला आवडत असेल तर राहू दे. पण दोन लेव्हल पुढे गेली म्हणजे गणितात पुढे गेली असं नाही, ती हिशेबाच्या वेगात पुढे गेली. आपल्याकडे आजी-आजोबांना पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) तोंडपाठ असायची, बाजारात हिशेब चुटकीसरशी व्हायचे, त्याचा उपयोग होताच, पण त्याने भूमिती येत नव्हती. तिच्या डोक्याला जी भूक लागलीय ती वेगाने भागणारी नाही.

आता सासऱ्यांचं म्हणणं, सरळ चौथीत बसवा. आपल्याकडे हे मुळात अवघड आहे. शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्गाची भाषा करतो, पहिलीच्या प्रवेशाला वयाची अट असते, शाळेचं सगळं रेकॉर्ड जन्मतारखेशी बांधलेलं असतं, त्यामुळे मुख्याध्यापक कितीही चांगले असले तरी त्यांचे हात बांधलेले असतात. पण समजा झालंच, तरी मी तुमच्या लेकीसाठी नको म्हणेन. ती गणितात पुढे आहे, बाकीच्या विषयांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे ते वयाप्रमाणेच असावेत. चौथीत परिसर अभ्यासाची मोठी मोठी उत्तरं लिहिताना साडेसात वर्षांचा हात दुखून येईल, आणि गणितात दोन महिन्यांत चौथीच्याही पुढे जाईल, परत खिडकी आहेच. म्हणजे त्रास पूर्ण आणि फायदा दोन महिन्यांचा. एक इयत्ता गाळणं हे ज्या मुलाचं वाचन, लेखन, समज सगळंच पुढे आहे आणि ज्याला स्वतःला जायचंय त्याच्यासाठी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लोकांनी इयत्ता गाळायचा निर्णय घ्यायला एक पद्धत तयार केलीय, तिच्यात काही गोष्टींवर सरळ थांबा म्हटलंय, त्यातली एक म्हणजे मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर, आणि दुसरी, गाळून ज्या वर्गात जायचं तिथे सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर. दुसरी अट वाचून मला फार बरं वाटलं, कारण मोठ्या भावाच्या वर्गात धाकटीला नेऊन बसवलं की घरात काय होतं हे ज्याने बघितलंय त्यालाच ही अट सुचेल.

मग करायचं काय, तर इयत्ता तीच, गणित पुढचं. आजचा नावाजलेला गणितज्ञ टेरेन्स ताओ, त्याचं उदाहरण सगळे देतात पण अर्धंच देतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला १९७५ साली जन्मलेला हा मुलगा, आठव्या वर्षी त्या अमेरिकन कॉलेज प्रवेश परीक्षेच्या गणितात त्याला ८०० पैकी ७६० होते, तेराव्या वर्षी शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड स्पर्धेचं सुवर्णपदक, २००६ साली गणितातलं सर्वात मानाचं समजलं जाणारं फील्ड्स पदक. हे सगळ्यांना पाठ आहे. पण लहानपणी तो वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या वर्गांत बसायचा, गणिताला हायस्कूलच्या मुलांत आणि बाकी विषयांना खालच्या वर्गात, हे कुणी सांगत नाही. नऊ वर्षांचा असताना तो विद्यापीठात गणिताच्या वर्गांना जायला लागला आणि तरी पदवी हातात आली सोळाव्या वर्षी. मधली सात वर्षं आईवडिलांनी त्याला चौफेर वाढू दिलं, पदवीची घाई केली नाही. आपली मुलं ताओ नाहीत आणि तशी अपेक्षाही करू नका, घ्यायची आहे ती फक्त मांडणी.

मिस्टरांची काळजी मला समजते, खेळू दे, घाई कशाला. पण इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. पुढचं दिलं की मूल एकटं पडतं, मनाने कोमेजतं ही भीती आपल्या सगळ्यांना वाटते, आणि स्टॅन्लींच्या त्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झालाय, आयोवातून २००४ साली मोठा अहवालही निघाला, त्यात पुढे गेलेल्या मुलांचं मनाचं सरसकट नुकसान झालेलं दिसलं नाही. उलट नुकसान मी दुसऱ्या बाजूचं बघते. ज्या मुलाला सात वर्षं शाळेत एकदाही डोकं खाजवावं लागत नाही त्याची समजूत होते की हुशार असणं म्हणजे कष्ट न पडणं, आणि मग आठवी-नववीत पहिल्यांदा काही अडतं तेव्हा ते मूल “मी हुशार नव्हतेच” असं म्हणून गणितच सोडून देतं. मुलींच्या बाबतीत तर हे जास्त होतं, कारण घरीदारी मुलाला “गणितात डोकं आहे” म्हणतात आणि मुलीला “अक्षर छान आहे हो” म्हणतात. खेळू दे हे बरोबरच आहे, संध्याकाळचे दोन तास बाहेर खेळायचेच, ते कशासाठीही कापायचे नाहीत. पण तुमच्या लेकीसाठी गणित हाही खेळच आहे, तो बंद करून तिला बालपण मिळणार नाही.

शाळेत बाईंना भेटा. बाईंच्या वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतील, त्यामुळे “हिच्याकडे जास्त लक्ष द्या” असं म्हणू नका, ते त्यांना शक्यच नाही आणि त्या मनातून दुखावतील. असं विचारा, “बाई, गणिताच्या तासाला तुम्ही दिलेली गणितं आधी पूर्ण करून मग तिने घरून आणलेल्या वहीत काम केलं तर चालेल का?” बहुतेक बाई हो म्हणतात, कारण त्यांनाही शेजारच्या मुलीची गणितं करून देणारी पोरगी नकोच असते. घटक चाचणी, सहामाही सगळ्यांबरोबर तिसरीचीच द्यायची. शाळेतलं वातावरण मोकळं असेल तर गणिताच्या तासाला चौथीच्या वर्गात बसायला मिळतं का तेही विचारून बघा, पण दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी असेल तरच ते जमतं.

त्या वहीत काय असावं? निम्मं पुढचं, निम्मं खोल. खोल म्हणजे काय तर आपल्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर, त्यांनी १९४९ साली जे शोधलं ते तिला द्या. कुठलाही चार अंकी आकडा, सगळे अंक सारखे नसलेला, समजा ३५२४. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, ५४३२, मग उलट, २३४५, वजा करा, ३०८७. परत तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि आता काहीही करा, ७६४१ वजा १४६७ परत ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक आकडा तिथे पोचतो. ह्यात आहे ती साधी वजाबाकी, पण पोरगी दोन दिवस त्यातून उठणार नाही. तीन अंकी घेतला तर काय होतं, ती स्वतः शोधेल, ४९५ येतं. दोन अंकी घेतला तर मात्र कुठेच थांबत नाही, ८१, ६३, २७, ४५, ०९, परत ८१, आणि हे सगळे नवाच्या पाढ्यातले कसे काय, हा प्रश्न तिच्या तोंडून आला तर समजा की बीजगणित दाराशी आलंय. पण खोलच्या नावाखाली पुढचं अडवूनही ठेवू नका. कोडी द्या, कोडी द्या असं म्हणत वर्षानुवर्षं मुलाला त्याच जागी गोल गोल फिरवणारे लोकही मी बघितलेत, तिला दशांश हवे असतील तर दशांश द्या.

आणि एक हिशेब आत्ताच करून ठेवा, दोन वर्षांनी हिला कोण शिकवणार? आत्ता तुम्ही स्वतः बघू शकता. ती पाचवीत असताना आठवीचं करत असेल तेव्हा कोण? ओळखीत कुणी गणितातला माणूस आहे का, निवृत्त प्राध्यापक, इंजिनीअरिंग करणारा मामा, आठवड्यातून एक तास देईल असा? पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं, तिथे शाळकरी मुलांसाठी गणिताचे वर्ग चालतात. ज्ञान प्रबोधिनीत प्रज्ञावान मुलांवर अनेक वर्षं काम चाललंय, त्यांची प्रशाला पाचवीपासून आहे. सांगलीहून रोज पुणं शक्य नाही हे मला माहितीये, पण वर्षातून एकदा तिथल्या माणसांना भेटून यायला काय हरकत आहे. ही सोय दिसत नसेल तर वेग थोडा कमी ठेवा आणि खोल जास्त जा, पण थांबवू नका.

पाहुण्यांसमोर सतराचा पाढा म्हणायला लावणं तेवढं आजपासून बंद करा. तिला गणित आवडतं ते तिच्यासाठी आवडू दे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी पुण्यात आयटीमध्ये आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. खूप शार्प आहे. आम्ही तिसरीपर्यंतचं मॅथ्स घरीच संपवलंय, शिवाय अबॅकस, वैदिक गणित आणि ऑलिम्पियाडचा ऑनलाइन क्लास आहे. शाळेतल्या ऑलिम्पियाडमध्ये मेडल पण मिळालंय. टार्गेट आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड ठेवलंय, म्हणून लवकर सुरुवात केली. पण गेले काही दिवस क्लासची वेळ झाली की पोटात दुखतं म्हणतो, वही फेकतो. डॉक्टरांनी सगळं नॉर्मल सांगितलंय. अशा वेळी पेस कमी करावा का?
– एक वडील, पुणे

उत्तर : हो, कमी नाही, तिन्ही क्लास आजच बंद करा. सहा वर्षांचं लेकरू पोटात दुखतंय म्हणतं तेव्हा त्याला “मला नको” हे म्हणायला दुसरे शब्द सापडत नसतात.

पत्रात सगळीकडे “आम्ही संपवलंय” आहे, त्याने मागितलं असं कुठेही नाही. वरच्या पत्रातली मुलगी पुस्तक स्वतः घेऊन बसली, तुमच्या घरी पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं गेलं, आणि ह्या दोन मुलांसाठी सल्ला एक असूच शकत नाही. तो हुशार असेलही, नक्कीच असेल, पण हे कळायला आधी त्याला मोकळा सोडायला हवा.

ऑलिम्पियाडचं थोडं स्पष्ट सांगते कारण खूप पालकांचा ह्यात गोंधळ होतो. शाळांमधून फॉर्म भरून घेतात त्या पहिली-दुसरीच्या ऑलिम्पियाड परीक्षा खासगी आहेत, नाव सारखं असलं तरी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडशी त्यांचा संबंध नाही. खऱ्या रस्त्यावरची पहिली परीक्षा आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, ती मुलं आठवीपासून पुढे देतात, मग आरएमओ ही विभागीय, मग आयएनएमओ ही राष्ट्रीय, मग होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिरातून सहा मुलांचा देशाचा संघ निवडतात. म्हणजे तुमच्या मुलाला अजून सात वर्षं आहेत. आणि त्या परीक्षेत पुढच्या इयत्तांचा सिलॅबस संपवलेला असून काही उपयोग होत नाही, तिथे कॅल्क्युलस लागतच नाही, संख्या, मोजणी, भूमिती, बीजगणित एवढंच असतं, पण एकेका गणितावर दीड-दीड तास बसावं लागतं आणि तेवढा वेळ बसूनही सुटलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटावं लागतं. ज्या मुलाला वही बघून पोटात दुखतं ते मूल तिथे पोचणार नाही, ही वाट तुम्ही स्वतःच बंद करताय.

निदान दिवाळीपर्यंत गणिताचं नाव घरात काढू नका. पत्ते खेळा, सापशिडी खेळा, बुद्धिबळ त्याला आवडत असेल तर खेळा आणि तुम्ही मुद्दाम हरू नका. भाजी आणायला बरोबर न्या, पैसे त्याला देऊ द्या, सुटे किती परत आले ते विचारू नका. काही महिन्यांनी तो आपणहून “बाबा, शंभराच्या पुढे सगळ्यात मोठा आकडा कुठला” असं काही विचारायला आला तर तिथून सुरू करा, त्याच्या प्रश्नापासून, आणि त्याने उठायचं म्हटलं की उठू द्या. नाही आला तर तो दुसऱ्या कशात तरी हुशार निघेल, ते बघायची तयारी ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. माझ्याकडे दुसरीत एक पोरगं आहे, मी चौथीच्या पोरांना फळ्यावर गणित घातलं की हे खालून उत्तर सांगतं. पाटीवर स्वतःच भागाकार करतं, शेष उरली तर तिचं काय करायचं म्हणून विचारतं. आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड कारखान्यावर, मग थेट मार्च-एप्रिलला परत. असल्या पोराला पुढचं शिकवून काय उपयोग, अर्धं वर्ष तर बुडतंच, असं सहकारी म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याला सरळ चौथीत घेता येईल का?
– एक गुरुजी, बीड जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुम्हाला वाटतंय तेच खरं आहे, आणि सहकाऱ्यांना माझं नाव सांगून सांगा की उपयोग आहे. शेषाचं काय करायचं हा प्रश्न ज्या पोराला स्वतःहून पडतो ते पोर अपूर्णांकाच्या दारात उभं आहे. त्याला उद्याच सांगा, तीन भाकऱ्या दोघांत वाटल्या तर एक उरते, ती तशीच ठेवायची का मोडायची, आणि बघा काय म्हणतो.

शहरातल्या शाळेत जे करायला पालकांना अर्ज-विनंत्या कराव्या लागतात ते तुमच्याकडे आपोआप होतंय, दुसरी आणि चौथी एकाच खोलीत आहेत. गणिताला त्याला चौथीच्या पोरांत बसवा, उरलेल्या वेळात दुसरीतच राहू द्या. वाचन कसं आहे ते मात्र नीट तपासा, कारण शाब्दिक उदाहरणं वाचून कळली नाहीत तर गणित येत असून अडेल, आणि मग लोक म्हणतील पोराला झेपेना.

हजेरीपटावर मात्र त्याला वर चढवू नका, आणि ह्याला एक अगदी व्यवहाराचं कारण आहे. ह्या पोराची पुढची मोठी संधी म्हणजे नवोदय, केंद्र सरकारची निवासी शाळा. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, सहावीत प्रवेश, राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत, आणि किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांना. त्या जागांसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली लागतात, वयाचीही अट असते, आणि परीक्षा एकदाच देता येते. इयत्ता गाळली तर हा दरवाजा बंद होऊ शकतो. परीक्षेत मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा, म्हणजे अंकगणितात हे पोर आत्ताच मजबूत असेल आणि भाषेकडे तुम्हाला तीन वर्षं लक्ष द्यावं लागेल.

खरा प्रश्न गणिताचा नाहीच, स्थलांतराचा आहे. वर लिहिलेल्या तीन वर्षांत शाळा तुटली तर नवोदयही हातचं जाऊ शकतं. म्हणून ह्या वर्षी, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन बिऱ्हाड निघायच्या आधी, पोराला मागे ठेवता येतं का ते बघा. गावात आजी-आजोबा आहेत का? हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, त्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीने वेळेत गेला पाहिजे, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आईवडिलांशी बोलायला संध्याकाळी घरी जा, दोघं एकत्र असताना, आणि “पोरगं हुशार आहे” एवढंच सांगून येऊ नका, त्यांच्यासमोर त्याला एक भागाकार करायला लावा, उचलीचाच हिशेब घाला हवं तर, किती टन तोडला की किती फिटते. आपलं पोरगं हा हिशेब करतंय हे आईने डोळ्यांनी बघितलं की तिचं मत बदलायला वेळ लागत नाही, मागे ठेवायचं का न्यायचं हे बहुतेक घरांत तीच ठरवते.

आणि एवढं करूनही न्यावंच लागलं तर चौथीचं पुस्तक, दोन कोऱ्या वह्या आणि तुमचा मोबाइल नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून बरोबर द्या. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी द्या, त्यात इयत्ता दुसरी लिहाच, पण खाली स्पष्ट लिहा की गणिताला चौथीत बसवावं. रविवारी दहा मिनिटं फोनवर एकच गणित घाला, उत्तर पुढच्या रविवारी.